दिव्याची खोली

एल्डरहोप गावच्या वेल्फेअर हॉलचं दार वर्षाचे बारा महिने फुगलेलंच असायचं. नोरीन हेदरिंग्टनने त्याला खांद्याने ढुशी दिली, ते कुरकुरत उघडलं आणि आत शिरल्याबरोबर नेहमीचा वास आला: ओले कोट, जुनं लाकूड आणि चहाच्या बंबात राहिलेलं गेल्या मंगळवारचं पाणी. "आज शेवटचं," ती स्वतःशीच म्हणाली. मागच्या मार्चच्या सभेलाही ती हेच म्हणाली होती. त्याच्या आदल्या मार्चलाही.

बंब रिकामा केला, घासला, भरला, चालू केला. खुर्च्या भिंतीपासून ओढून गोल मांडल्या. ओळीत मांडल्या की गावकरी शेवटच्या ओळीत बसतात आणि पुढे नोरीन एकटी, शाळेतल्या बाईसारखी. गोलाला निदान शेवटची ओळ नसते. पण गोलातसुद्धा कोपरा शोधून बसणारी माणसं आमच्याकडे आहेत, त्याला कोण काय करणार?

सगळं होईपर्यंत तिला धाप लागली. तसं तिचं वय काही फार नव्हतं. अडुसष्ट. तिची आई त्या वयात कोळशाच्या पाट्या आत ओढायची. नोरीनचं अंग थकलं नव्हतं, मन थकलं होतं, आणि मनाला बसायला खुर्ची कुठून आणायची? ती भिंतीला टेकून उभी राहिली. समोर खाणीच्या काळातला फोटो होता, दिव्याच्या खोलीतल्या माणसांचा. डावीकडून दुसरा तिचा बाप. पाय दगडाखाली सापडून कायमचा ताठ झाल्यावर त्याला खाणीत उतरणं जमेना, तेव्हा त्याला वर दिव्याच्या खोलीत बसवलं होतं. उतरणाऱ्यांना दिवे द्यायचे, वर आले की परत घ्यायचे. फोटोत सगळे हसतायत आणि तो कॅमेऱ्याच्याही पलीकडे कुठेतरी बघतोय.

"बाबा, आज सुटते बघा," नोरीन म्हणाली.

सुटायचं म्हणजे सॉल्टबर्नला जायचं. तिथे समुद्राजवळ तिची धाकटी बहीण मेरियन राहायची, आणि तिच्या वरच्या मजल्यावरची जागा रिकामी झाली होती. दोन खोल्या, खिडकीतून पाणी दिसतं. घरमालकाला मेरियनने महिनाअखेरपर्यंत थोपवून धरलं होतं. "ताई, या वेळी नाही म्हणालीस तर पुन्हा विचारणार नाही," ती फोनवर म्हणाली होती. मेरियन बोलल्याप्रमाणे वागते, हीच तिची खोड.

अडचण एवढीच होती की हॉल कौन्सिलचा. गावकऱ्यांची समिती आहे आणि समितीला अध्यक्ष आहे तोवर किल्ल्या गावाकडे. अध्यक्ष नाही, तर किल्ल्या परत आणि दाराला कौन्सिलचं कुलूप. मग मंगळवारच्या म्हाताऱ्यांचं जेवण गेलं, पोरांचं बॉक्सिंग गेलं, स्वस्त वाणसामानाचं दुकान गेलं, सगळंच गेलं. नऊ वर्षं जे उभं केलं ते बहिणीच्या खिडकीतून समुद्र बघायला मोडायचं? तेवढी निगरगट्ट नोरीन नव्हती. तिला खुर्ची सोडायची होती, पण ती घेणारा माणूस बघूनच. आणि असा माणूस एल्डरहोपमध्ये जन्मायचाच होता, असं तिचं मत झालं होतं.

बंद पडलेल्या गावांना पैसा देणाऱ्या एका ट्रस्टची माणसं नऊ वर्षांपूर्वी पहिल्यांदा आली तेव्हा खाण बंद होऊन जमाना झाला होता, आणि तेवढ्या काळात आमचं भलं करायला इतके लोक येऊन गेले होते की गावाला भल्याचीच धास्ती बसली होती. कोणी झाडं लावून गेलं, झाडं वाळली. कोणी दगडी पाटी लावून गेलं, पाटी अजून आहे. ट्रस्टकडून फिलिपा नावाची बाई आली. उंच, दक्षिणेकडची, गळ्यात लोकरी मफलर. ती सगळ्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "पाठबळ आमचं. पण गावात काय करायचं ते तुम्ही ठरवायचं. मी माझं मत देणार नाही."

मागून क्लेम राउटलेज ओरडला, "मग आलात कशाला, बाई?"

सगळे हसले, फिलिपाही हसली, आणि त्या हसण्यातून समिती झाली. रॉनी, म्हणजे नोरीनचा नवरा, जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. ती सभेला येणारच नव्हती. क्लेमने दार वाजवून वाजवून तिला आणलं, आणि अध्यक्ष कोण असा प्रश्न निघाल्यावर त्यानेच तिचं नाव सुचवलं. भराभर हात वर झाले. नोरीनला वाटलं, अरे, एवढा विश्वास! घरी जाऊन ती त्या रात्री रॉनीच्या फोटोशी बोलली होती.

पुढे विश्वास कुठे गेला कोण जाणे, घोंगडं तेवढं गळ्यात राहिलं. चौथ्या वर्षी ती म्हणाली, आता दुसरं कोणीतरी घ्या. सगळ्यांनी बुटांकडे बघितलं. अळीमिळी गुपचिळी. मग क्लेमने तिचंच नाव सुचवलं. पाचव्या वर्षी तेच, सहाव्या वर्षी तेच. कामाला नाही म्हणत नव्हते कोणी. छप्पर शाकारायला शिडीवर चढतील, दोनशे सँडविचं करतील, पण खुर्चीचं नाव काढलं की जमिनीला डोळे. आयतोबा, नोरीन मनात म्हणायची. स्वतःच्या गावाचा कारभार स्वतः करा म्हणून कोणीतरी हातात आणून देतंय, आणि यांना तो उचलायला एक म्हातारी लागते.

सभेला बाराएक माणसं आली. फिलिपा आपले मोठे कागद भिंतीला चिकटवत होती. पुढच्या वर्षी काय हाती घ्यायचं, त्याचे कागद: हॉलचं उरलेलं छप्पर, खाणीच्या तोंडाजवळच्या पडीक जागेत बाग, मोठ्या मुलांसाठी काहीतरी, आणि असंच आणखी. मग प्रत्येकाला तीन-तीन रंगीत टिकल्या. ज्याला जे हवं, त्याने त्या कागदावर आपली टिकली लावायची. ट्रस्टची हीच पद्धत होती. बोलायला बुजणारा माणूससुद्धा टिकली लावू शकतो.

दर वर्षी नोरीन उठायची, टिकल्या लावायची आणि मागोमाग बाकीचे उठायचे. या वर्षी ती उठली नाही. टिकल्या तिने स्वेटरच्या खिशात टाकल्या आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

कोणी उठेना.

"घाई नाही," फिलिपा म्हणाली. "निवांत विचार करा."

निवांत विचार चालू झाला. बंब खळखळायला लागला. बोटांच्या टोकांना टिकल्या लावून बारा प्रौढ माणसं छताकडे बघत बसली होती. क्लेमने एक टिकली आपल्या गुडघ्याला लावली. "इथे दुरुस्ती हवी," तो म्हणाला. दोघी-तिघी खुसखुसल्या.

"नोरीन, तू लावून घे ना आधी," शेवटी क्लेम म्हणाला.

"का? तुझे हात मोडलेत?"

"तसं नाही. पहिली तुझी असते."

"या वर्षी नाही."

क्लेमने कीलीकडे बघितलं, कीलीने फिलिपाकडे, आणि फिलिपाने मफलरकडे. कीली म्हणजे खालच्या आळीतली, घरीच बायकांचे केस कापते, तीन मुलांची आई. तिच्या लहानपणापासून त्या आळीतली पोरं नोरीनला मावशी म्हणतात. मागच्याच आठवड्यात नोरीन स्वयंपाकघराच्या चहा द्यायच्या खिडकीतून सहज बोलून गेली होती की बाई, छपराचं आधी बघायला हवं. ते कीलीला आठवलं असावं. ती उठली आणि तिन्ही टिकल्या छपरावर लावून आली. मग सगळेच उठले. छपराचा कागद गोवर आल्यासारखा दिसायला लागला. बाकीचे कागद कोरे.

"बघा, सगळ्यांचं एकमत," कोणीतरी म्हणालं.

नोरीनला एकमताचा कधी नव्हे तो वीट आला. छप्पर तिलाही तितकंसं नको होतं. ती आपली काहीतरी बोलायचं म्हणून बोलली होती.

मग अध्यक्षाचा विषय आला. नोरीनने घसा खाकरला. घरी तिने छान वाक्यं जुळवली होती, गेली नऊ वर्षं आणि आपण सगळे मिळून वगैरे. ती सगळी ऐन वेळी पळाली. "मी सोडतेय," ती म्हणाली.

"मी नोरीनचं नाव सुचवतो," क्लेम म्हणाला.

"माझं अनुमोदन."

हात वर व्हायला लागले. खरंच व्हायला लागले! जणू तिने वाक्य उच्चारलंच नव्हतं, जणू ते सभेच्या सुरुवातीला म्हणायचं एखादं स्तोत्र होतं.

"खाली करा हात!" नोरीन ओरडली. हॉलमध्ये तिचा एवढा मोठा आवाज कोणी ऐकला नव्हता, तिनेसुद्धा. "खाली करा म्हणते ना. मला नकोय. मी थकलेय. ऐकू येतंय का? थकलेय मी. शनिवारी रात्री झोपताना मंगळवारची सँडविचं डोळ्यांसमोर येतात. मला बहिणीकडे जायचंय. एकाने तरी म्हणा की मी घेतो. एकाने!"

हात खाली आले. बूट पुन्हा प्रेक्षणीय झाले.

"मावशी, असं काय करता?" कीली हळूच म्हणाली. "आम्ही आहोत ना मदतीला."

"मदत नकोय मला. तू घेतेस?"

कीली कानापर्यंत लाल झाली. तिने तोंड उघडलं. आणि मग, नोरीनने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, कीलीने समोर क्लेमकडे बघितलं आणि क्लेमने मान हलवली. अगदी थोडी. नाही म्हणून.

कीलीने तोंड मिटलं.

"काय रे, मान कसली हलवतोस?" नोरीन म्हणाली.

"मानेत लचक आहे माझ्या."

"आधी चहा घेऊ या," फिलिपा घाईने म्हणाली. नऊ वर्षांत ती आमच्यातली झाली होती ती एवढ्यापुरती: अडचण आली की चहा.

नोरीन स्वयंपाकघरात गेली आणि खिडकीची लाकडी झडप खाली ओढून घेतली. कपांची रांग लावली. मागे पावलं वाजली. क्लेम आत आला होता. खिडकीच्या या बाजूला क्लेम राउटलेज यापूर्वी कधीही आला नव्हता. तो हॉलमध्ये बसून चहा पातळ झाला म्हणणाऱ्यांपैकी.

"रागावू नकोस, बाई," तो म्हणाला.

"तिला घ्यायची होती खुर्ची. तू नको म्हणालास. का?"

क्लेमने टोपी काढली. टोपीशिवाय तो वेगळाच दिसायचा, सोललेल्या बटाट्यासारखा. "तुझी आहे ती," तो म्हणाला. "गावात सगळ्यांनाच माहीत आहे. तू आहेस तोवर कोणी मागायची नाही."

"कोणी ठरवलं हे?"

"ठरवतंय कोण? ठरवावं लागतं का असलं? रॉनी गेला तेव्हा तू कशी होतीस आठवतं तुला? मी समोरच राहतो. सकाळी कोट घालायचीस, बाहेर जायला म्हणून. आणि मग त्याच कोटात खुर्चीत बसून राहायचीस, अंधार पडेपर्यंत. दिवासुद्धा लावायची नाहीस. माझी जीन म्हणाली, क्लेम, ही बाई पुढचा उन्हाळा काही बघत नाही. तिच्या हाताला काहीतरी दे. तेवढ्यात ही फिलिपा आली." त्याने टोपी हातात फिरवली. "तुझ्या बाबांना नाही का दिव्याच्या खोलीत बसवलं? तसंच."

नोरीनच्या हातातला कप तसाच राहिला.

ही आमच्या गावची जुनी रीत. खाणीत एखादा मोडला, दगडाने म्हणा नाहीतर पोरगं गेल्याच्या दुःखाने म्हणा, की त्याला वरचं हलकं काम द्यायचं. घरी बसू द्यायचं नाही, घरी बसला की संपला. ही दया आहे असं कोणी कधी तोंडातून काढायचं नाही, त्यालाही कळू द्यायचं नाही. आणि तो माणूस आहे तोवर त्या जागेवर दुसऱ्याने डोळा ठेवायचा नाही. रीत चांगलीच होती. तिने कितीतरी माणसं जगवली.

"नऊ वर्षं," नोरीन म्हणाली. तिला आधी हसू आलं. "नऊ वर्षं मी तुम्हाला आळशी समजत होते रे. अंग चोरता म्हणून. देवा! आणि तुम्ही मला—" हसू मध्येच मोडलं. आता तिला राग आला, सणसणीत. नऊ मार्च महिने हे लोक तिच्याकडे बघून हात वर करत होते, आजारी पोराला खेळात मुद्दाम जिंकू द्यावं तसे. आणि ती घरी येऊन फोटोशी बोलत होती, विश्वास म्हणून.

"कामं तू केलीस," क्लेम घाईने म्हणाला. "ती काही खोटी नाहीत. तू भांडून आणलेला बसथांबा आहे की तिथे."

"आणि टिकल्या? माझ्यानंतर लावायच्या, त्या?"

क्लेम टोपीचं अस्तर नीट करायला लागला.

"बोल की."

"आता तुला बाग नको असली तर कशाला उगाच तुझं मन दुखवा?"

"मला बाग नको असं कोण म्हणालं?"

"एकदा म्हणाली होतीस. तिथे चिखल होतो म्हणून."

बंब खळखळत होता. नोरीनने तो बंद केला आणि सिंकला टेकून उभी राहिली. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे सबंध गाव भिडेत बुडालं होतं आणि तीही त्यात गळ्यापर्यंत उभी होती.

"क्लेम," ती म्हणाली, "माझ्या बाबांना ती खोली नको होती."

"काय?"

"दिव्याची खोली. नको होती त्यांना. खिडकी नव्हती तिला. माणूस तीस वर्षं जमिनीखाली होता, त्याला ऊन हवं होतं. परसात खुर्ची टाकून बसायचं, कबुतरं बघायची. पाय मोडला तेव्हा रुग्णालयात म्हणाले होते आईला, चला, निदान आता ऊन तरी मिळेल. आणि तुम्ही आलात घोळक्याने, जागा मिळवून दिली म्हणून सांगायला."

"माझे बाबा होते पुढे," क्लेम सावकाश म्हणाला. "मॅनेजरशी भांडून मिळवली होती त्यांनी ती जागा."

"माहीत आहे. म्हणूनच. आई म्हणायची, सोडा. ते म्हणायचे, माणसं इतकी चांगली आहेत गं, कसं सोडू? वाईट वाटेल त्यांना. अकरा वर्षं बसले. बाहेर आले ते खोकत, आणि तो त्यांचा शेवटचा उन्हाळा सगळा पावसात गेला."

"कधी बोलले नाहीत."

"तुम्ही कुठे विचारलंत?"

क्लेम स्टुलावर बसला. तो स्टूल कपाटाच्या वरच्या फळीसाठी होता, त्याच्या आकाराच्या माणसासाठी नव्हे. मग तो म्हणाला, "आणि तू? नऊ वर्षं तू तरी कुठे ओरडलीस?"

हे खरं होतं. दरवर्षी ती हळू आवाजात म्हणायची आणि कोणी घेतलं नाही की त्यागाचा उसासा टाकून हो म्हणायची. त्या उसाशाचीही एक गोडी असते, तीही तिला लागली होती. पहिली दोन वर्षं तर त्या खुर्चीने तिला खरोखरच जगवलं होतं. ते कबूल करायला तिची जीभ उचलेना, म्हणून तिने क्लेमच्या हातात ट्रे दिला.

"घे. आणि सांडू नकोस."

ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून आलेला क्लेम बघून सभा आधीच गप्प झाली. त्याने ट्रे टेबलावर आदळला आणि उभ्यानेच बोलला. "ऐका. नोरीनला खरंच जायचंय. आपण गाढवं आहोत. मी मोठं गाढव. कीली, घ्यायची तर घे, नाही तर माझी मान बघत बसू नकोस."

"मी घेते," कीली म्हणाली. एका श्वासात, इतक्या चटकन की सगळ्यांना कळलं, हे वाक्य तिच्या तोंडात कधीपासून तयार होतं.

हात वर झाले. या वेळी वेगळे झाले, वेडेवाकडे, एकमेकांकडे बघत. आणि मग बूच उडावं तशी सभा बोलायला लागली. सभा दुपारी का? आम्हाला पोरांना शाळेतून आणायचं असतं. तो बंब फेकून द्या, तासभर लागतो तापायला. बाग कधीपासून म्हणतोय आम्ही. तू कधी म्हणालीस? मनात म्हणत होते. आणि ते काळपट हिरवं दार, बाहेरून प्रेताच्या गाडीसारखं दिसतं. दार हिरवं हवं असं नोरीन पहिल्या वर्षी म्हणाली होती. खाणीच्या फाटकाचा रंग होता तो. कोणीतरी उठून छपरावरच्या टिकल्या नखाने खरवडून काढायला लागलं.

नोरीन कप हातात धरून बसली होती. सुटका झाली होती आणि दुखत होतं. दोन्ही एकदम होऊ शकतं हे तिला या वयात कळत होतं. फिलिपा शेजारी येऊन बसली.

"तुम्हाला माहीत होतं," नोरीन म्हणाली.

"वाटत होतं," फिलिपा म्हणाली. "पण मी मत द्यायचं नाही असं..."

"एकदा द्यायचं होतं, बाई. तोंड उघडायचं होतं एकदा. आम्ही नसतं ऐकलं, ती गोष्ट वेगळी."

फिलिपाने मान खाली घातली. तिचेही केस पांढरे झाले होते इथे येऊन येऊन. नोरीनला तिची दया आली, आणि दया आली तशी ती घाईने उठली. तिला आता कोणाचीही दया नको होती, स्वतःच्या मनातलीसुद्धा. तिने किल्ल्यांचा जुडगा कीलीच्या मांडीवर ठेवला. "दाराला खांदा मारावा लागतो," ती म्हणाली आणि कोट घालून बाहेर पडली.

सॉल्टबर्नला पहिले काही आठवडे ती नुसती झोपली. मेरियन चिडचिड करायची, खिडकीतून समुद्र बघायला आलीस ना, मग ऊठ की. उन्हाळा बरा गेला. एल्डरहोपहून फोन यायचे, मग कमी यायला लागले, मग बंद झाले. ते तिला लागलं. आणि लागतंय याचंच तिला हसूही आलं.

सप्टेंबरमध्ये लीकची स्पर्धा असते. खणून काढलेले मांडीएवढे जाड लीक धुऊन टेबलांवर मांडतात, कांद्याच्या पातीचा हा राक्षसी भाऊ वाढवण्यात आमच्याकडे पुरुषांची आयुष्यं जातात, आणि परीक्षक येऊन मापं घेतो तेव्हा कोणी श्वाससुद्धा घेत नाही. नोरीन बसने आली. थांब्यावर उतरली आणि बघत राहिली. हॉलचं दार नारिंगी होतं. नुसतं नारिंगी नव्हे, भडक, रस्त्याच्या कामावर लावतात तसल्या पाटीसारखं. तिला कोणी विचारलं नव्हतं. ती वाट बघत उभी राहिली, आता वाईट वाटेल म्हणून. थोडं वाटलंही. मग तिने दाराला खांदा मारला आणि दार इतक्या सहज उघडलं की ती आत धडपडली. कोणीतरी ते तासून नीट केलं होतं.

आत गलका होता. पोरं पायांत येत होती. खाणीच्या तोंडाशी वाफे खणलेत, येऊन बघा असं तिला तिघांनी सांगितलं. कीलीचा आवाज चढला होता, डोळ्यांखाली काळं आलं होतं. "मावशी! बसा, तुम्ही पाहुण्या आज," ती म्हणाली आणि कप हातात देऊन तशीच पळाली. नोरीन तो घेऊन बाहेर आली. दक्षिणेकडच्या भिंतीला एक नवा बाक होता, उन्हात. ती बसली. एक घोट घेतला. चहात दोन चमचे साखर होती.

तिने उभ्या जन्मात चहात साखर घेतली नव्हती. पण नऊ वर्षं या हॉलमध्ये सगळ्यांचे चहा तिने केले, कोणाला किती साखर, कोणाला किती दूध, सगळं पाठ. तिच्यासाठी कोणी केलाच नव्हता कधी. मग कळणार कसं? तिने दुसरा घोट घेतला, तोंड वाकडं न करता. पोरीने प्रेमाने दिलाय.

क्लेम येऊन शेजारी टेकला. त्याच्या लीकला तिसरा नंबर मिळाला होता आणि परीक्षक आंधळा असल्याची त्याची खात्री झाली होती. त्याचं सगळं ऐकून झाल्यावर तो टोपी मागे सारून म्हणाला, "बरं झालं आलीस. बक्षिसांच्या टेबलाशी कोणीतरी हवंय. हलकं काम आहे. बसूनच करायचं—"

"नको," नोरीन म्हणाली.

क्लेमचं तोंड उघडं राहिलं. मग त्याला स्वतःलाच कळलं तो काय बोलला ते, आणि त्याची मान लाल झाली. आत कोणाच्या तरी नावाने टाळ्या पडल्या.

"मग," क्लेम अखेर म्हणाला. शब्द शोधावा लागला त्याला, असला प्रश्न त्याच्या घराण्यात कोणी कोणाला विचारला नव्हता. "मग तुला काय हवंय?"

नोरीनने कपाकडे बघितलं. कोणी विचारत नाही म्हणून ती इतकी वर्षं कुढली होती, आणि आता उत्तर यायलाच वेळ लागला.

"चहा," ती म्हणाली. "बिनसाखरेचा."

क्लेमने तिच्या हातातला कप घेतला. बाकाला हात टेकून, कण्हत, तो उठला आणि नारिंगी दारातून आत गेला.